एचओडी नेमकं करतात काय? विद्यापीठातले आणि हॉस्पिटलातले

केबिनच्या दारावर पाटी, बाहेर खुर्च्या आणि खुर्च्यांवर सहीसाठी ताटकळलेली माणसं. एचओडी, म्हणजे हेड ऑफ डिपार्टमेंट, विभागप्रमुख, म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हेच. त्यामुळे काही लोकांना वाटतं की हा नुसता सह्या करणारा माणूस आहे, आणि काहींना वाटतं हा त्या विभागाचा मालकच आहे, तो म्हणेल ती पूर्व दिशा. दोन्हीत थोडं थोडं तथ्य आहे पण दोन्हीतून ते काम कळत नाही. माझ्या मते एचओडीचं मूळ काम वाटपाचं आहे. वेळ, खोल्या, बेड, ऑपरेशन थिएटरचे दिवस, शिकवायचे तास, नाईट ड्यूट्या, पीएचडीचे विद्यार्थी, हे सगळं कायम कमी असतं आणि मागणारे कायम जास्त, आणि कुणाला किती मिळणार हे ठरवणारा सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे एचओडी. याला जोडून अजून एक काम येतं जे नेमणुकीच्या पत्रात कधीच लिहिलेलं नसतं, ते म्हणजे वाईट बातमी ऐकून घेणं. काहीतरी चुकतंय हे खालच्या माणसाला पहिल्यांदा कळतं आणि तो ते सांगायला पहिल्यांदा याच केबिनमध्ये येतो. किंवा येत नाही, ते केबिनमधल्या माणसावर अवलंबून.

आधी त्यांच्या हातात काय नसतं ते बघू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला एचओडी काढून टाकू शकत नाहीत. पगारही बहुतेक ठिकाणी त्यांच्या हातात नसतो. अभ्यासक्रम बदलायचा तर त्याची वेगळी समिती, निकाल परीक्षा विभागाचा, फी अकाउंट्सकडे. हॉस्पिटलात तर अजूनच गंमत, वॉर्डात दिवसरात्र राबणारा नर्सिंग स्टाफ बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत एचओडीच्या हाताखाली नसतोच, त्यांची साखळी वेगळी असते आणि ती नर्सिंगच्या प्रमुखापर्यंत जाते. म्हणजे सर्जरीच्या हेडना सकाळी आठला पहिलं ऑपरेशन सुरू करायचं असेल तर भूलतज्ज्ञ एका विभागातून येणार, नर्स दुसरीकडून, रक्त ब्लड बँकेतून, उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग चौथाच, आणि यातल्या कुणालाही ते थेट ऑर्डर सोडू शकत नाहीत, फार तर फोन करू शकतात. पण ऑपरेशनला दीड तास उशीर झाला तर नातेवाईक विचारणार त्यांनाच, आणि वरून मेल येणार तोही त्यांनाच. जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अर्धामुर्धा, हे या खुर्चीचं पहिलं दुखणं.

आता वाटप म्हणजे काय ते जरा जवळून बघू. समजा एका विभागात ८ रेसिडेंट, म्हणजे हॉस्पिटलात राहून काम करता करता शिकणारे, डॉक्टर आहेत आणि रोज रात्री दोघं लागतात. महिना ३० दिवसांचा म्हणजे ६० नाईट. ८ जणांत साडेसात येतात, म्हणजे चौघांना ८ आणि चौघांना ७, पहिली कुरबुर इथेच. त्यात एक जण मॅटर्निटी लीव्हवर गेली, एकाची फायनल परीक्षा आहे म्हणून तो महिनाभर नाईटमधून मोकळा, उरले ६, प्रत्येकी १० नाईट, म्हणजे दर तिसरी रात्र हॉस्पिटलात. आता त्यातल्या एकाला घरच्या कार्याला जायचंय, एकीला रविवार नकोय कारण मागच्या महिन्यात चारपैकी तीन रविवार तिच्याच डोक्यावर होते, आणि दोघं अगदी नवखे आहेत, त्यांना एकाच रात्री टाकता येत नाही कारण रात्री तीनला पेशंट बिघडला तर हे असं असं कर म्हणून सांगणारं कुणीतरी तिथे हवं ना. ड्यूट्यांचा हा तक्ता, म्हणजे रोस्टर, बनवण्याचं काम हेड स्वतः करत नाहीत, ते एखाद्या सीनियर रेसिडेंटच्या गळ्यात पडलेलं असतं, पण नियम हेडचे असतात. सलग किती नाईट चालतील, नाईटनंतर सकाळी खरंच सुट्टी मिळणार की राऊंड संपेपर्यंत थांबायचं, परीक्षेची सूट सगळ्यांना सारखी की लाडक्यांना जास्त. दोन महिन्यांचे रोस्टर शेजारी शेजारी ठेवले की विभागात कोण लाडकं आहे हे बाहेरच्या माणसालासुद्धा कळतं, कुणाला विचारायची गरज नाही.

सर्जरीसारख्या विभागात रोस्टरपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे ऑपरेशनची यादी. थिएटर आठवड्यात मोजकेच दिवस मिळतं, त्यात कुठल्या सर्जनला कुठला दिवस, आणि मोठी केस कोण करणार, सीनियर स्वतः की शिकणाऱ्याचा हात बसू द्यायचा. सीनियरनेच सगळं केलं तर आजचा पेशंट जास्त सेफ असेल कदाचित, पण पाच वर्षांनी त्या विभागातून बाहेर पडणारा सर्जन कच्चा निघेल आणि त्याची किंमत कुठलातरी दुसरा पेशंट मोजेल. हा हिशोब रोज करावा लागतो. माझ्या मते टीचिंग हॉस्पिटलच्या एचओडीचं सगळ्यात अवघड काम हेच आहे, बजेट वगैरे त्यामानाने सोपं.

विद्यापीठात रात्रपाळी नसते पण भांडण तेच. पहिल्या वर्षाचा २०० पोरांचा वर्ग कोण घेणार? पेपरांचा गठ्ठा मोठा, शंका जास्त, कौतुक शून्य. आणि दुसरीकडे शेवटच्या वर्षाचा १२ जणांचा आवडीचा विषय, तो सगळ्यांनाच हवा. सहसा होतं काय की मोठा वर्ग नवीन लागलेल्या लेक्चररच्या अंगावर टाकला जातो, वर पुन्हा टाइमटेबलची जबाबदारी, ॲडमिशनची कमिटी, वेबसाइट अपडेट करणं, असली सगळी किरकोळ कामं, कारण नवीन माणूस नाही म्हणू शकत नाही. कुणी मुद्दाम वाईट वागत नसतं. पण चार पाच वर्षांनी प्रमोशनच्या मुलाखतीत त्याच लेक्चररला विचारतात की तुमचे संशोधनाचे पेपर इतके कमी का, आणि विचारणाऱ्या समितीत बऱ्याचदा तेच हेड बसलेले असतात! जागा कोणाला, पीएचडीचे विद्यार्थी कोणाला, कॉन्फरन्सला कोण जाणार, यावर करिअर घडतात आणि बिघडतात, आणि हे सगळं कुठल्या मोठ्या धोरणाने होत नाही, एका एक्सेल शीटने होतं.

बरं, ही पोस्ट तशी फार जुनी पण नाही. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत फॅकल्टी, म्हणजे मोठ्या विद्याशाखा, असायच्या, धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि कला, आजच्यासारखे डिपार्टमेंट नव्हते. जर्मनीत १९व्या शतकात प्रकरण बदललं, तिथे एका विषयाचा एक मुख्य प्रोफेसर आणि त्याच्याभोवती त्याची लॅब, त्याचे असिस्टंट, त्याची लायब्ररी अशी रचना झाली. तिथल्या गीसेन विद्यापीठात १८२४ मध्ये लीबिग हा केमिस्ट आला आणि त्याची केमिस्ट्रीची लॅब हे याचं गाजलेलं उदाहरण. तो प्रोफेसर म्हणजेच विभाग. हॉस्पिटलातही तेच, क्लिनिकचा प्रमुख आणि बाकी सगळे त्याचे असिस्टंट, ठरावीक मुदतीवर, मुदत वाढवायची की नाही ते बऱ्याच अंशी त्याच्या हातात. अमेरिकेत मात्र १९व्या शतकाच्या शेवटी शेवटी विद्यापीठं इतकी वाढली की एका विषयाला एक प्रोफेसर पुरेना, मग एकाच विषयाचे अनेक प्रोफेसर असलेलं डिपार्टमेंट आणि त्याचा एक हेड अशी आज आपल्याला माहीत असलेली रचना रुजली.

जर्मन भाषिक जगातली ही एकमुखी सत्ता काय करू शकते याचं सगळ्यात ठळक उदाहरण व्हिएन्नाचं आहे. सेमेलवाइसची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, हात धुवायला लावणारा डॉक्टर म्हणून, पण ती गोष्ट एचओडीच्या खुर्चीतून बघितली तर जास्त शिकवते. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात बाळंतपणाच्या विभागाचे प्रमुख होते बोअर. विद्यार्थ्यांना मृतदेहांवर सराव करायला लावायला ते तयार नव्हते. १८२२ मध्ये तिथे ३०६६ बाळंतपणांत २६ बायका दगावल्या, म्हणजे शंभरात एकही नाही. त्याच सुमारास बोअर यांनी पद सोडलं, योहान क्लाइन प्रमुख झाले आणि त्यांनी शिकवणं सुधारायचं म्हणून मृतदेहांवरचा सराव पुन्हा आणला. १८२३ चा आकडा, २८७२ बाळंतपणं आणि २१४ मृत्यू, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास. जंतू हा प्रकारच तेव्हा कुणाला माहीत नव्हता, त्यामुळे क्लाइनना खलनायक करायची घाई नको. त्यांनी घेतलेला निर्णय शिकवण्याच्या बाजूने अगदी योग्य वाटणारा होता. पण तेच हात शवविच्छेदनातून उठून थेट वॉर्डात येत होते. शिकवणं आणि पेशंट दोन्ही एकाच माणसाच्या हाताखाली असले की एका बाजूची सुधारणा दुसऱ्या बाजूला जीव घेऊ शकते ती अशी.

पुढे विभागाचे दोन भाग झाले, पहिल्यात मेडिकलचे विद्यार्थी शिकायचे आणि दुसऱ्यात सुईणी, आणि पहिल्यातले मृत्यू सतत जास्त. इतके जास्त की पहिल्या क्लिनिकमध्ये नाव लागू नये म्हणून बायका हातापाया पडायच्या. सेमेलवाइस या पहिल्या क्लिनिकमध्ये क्लाइनचा असिस्टंट. एप्रिल १८४७ मध्ये तिथला मृत्युदर १८.३ टक्के होता, मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं, जूनमध्ये दर २.२ टक्क्यांवर आला आणि जुलैमध्ये १.२. एवढा लख्ख पुरावा आणि तोही हेडच्या स्वतःच्या विभागातला. दुसऱ्या विभागांचे प्रमुख, मेडिसिनचे श्कोडा आणि पॅथॉलॉजीचे रोकिटान्स्की, त्याच्या बाजूने होते. पण १८४९ च्या मार्चमध्ये त्याची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही, क्लाइननी दुसरा असिस्टंट घेतला. कारणं बरीच सांगतात, स्वभाव, तेव्हाचं राजकारण वगैरे, सेमेलवाइस बोलायला काही गोड माणूस नव्हता हेही खरं. पण मला खटकतं ते वेगळंच. तो पुरावा मान्य करणं म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांचे मृत्यू माझ्या निर्णयामुळे झाले हे हेडने स्वतः मान्य करणं, आणि ते तपासायचं की नाही हे ठरवणारा माणूसही तोच. अशा जागी बसलेल्या किती जणांनी वेगळं केलं असतं?

पैशाचा मुद्दाही इथेच येतो कारण हॉस्पिटलच्या एचओडीच्या बाबतीत तो टाळून चालत नाही. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ ला उघडलं आणि मेडिकल स्कूल १८९३ ला. तिथले सुरुवातीचे चार प्रमुख, पॅथॉलॉजीला वेल्च, मेडिसिनला ऑस्लर, सर्जरीला हॉल्स्टेड, स्त्रीरोगला केली, यांनी आजच्या टीचिंग हॉस्पिटलचा साचा घडवला असं म्हणता येईल. पेशंटच्या बेडशेजारी उभं राहून शिकवणं आणि वर्षानुवर्षं हॉस्पिटलात राहून शिकणारे रेसिडेंट, हे तिथून जगभर गेलं. पण हेड प्रायव्हेट पेशंटही बघायचे आणि त्यातून उत्तम कमवायचे, मग शिकवायला आणि संशोधनाला वेळ किती देणार? १९१३ मध्ये उद्योगपती रॉकफेलरच्या पैशांवर चालणाऱ्या जनरल एज्युकेशन बोर्डाने हॉपकिन्सला १५ लाख डॉलर दिले ते या अटीवर की मेडिसिन, सर्जरी आणि बालरोग विभागांचे प्रोफेसर फुलटाइम असतील, त्यांना ठरलेला पगार, आणि पेशंटकडून येणारी फी संस्थेकडे. ऑस्लर तोवर ऑक्सफर्डला गेले होते पण तिथून त्यांनी या कल्पनेला कडाडून विरोध केला, त्यांना भीती होती की असे प्रोफेसर पेशंटपासून आणि बाहेर प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांपासून तुटतील, सगळं लक्ष लॅबमध्ये जाईल. शंभर वर्षं उलटून गेली तरी हा वाद भिजत घोंगड्यासारखा पडून आहे. फुलटाइम ठेवलं तर चांगले लोक खासगीत जातात, प्रॅक्टिस करू दिली तर ते दुपारी विभागात सापडत नाहीत.

एकमुखी सत्तेविरुद्ध बंडही झालं. १९६७ ला जर्मनीतल्या हॅम्बुर्ग विद्यापीठात प्रोफेसर लोक गाऊन घालून मिरवणुकीने चालले होते आणि दोन विद्यार्थी त्यांच्या पुढे बॅनर धरून चालत होते, या गाऊनखाली हजार वर्षांची कुबट हवा आहे अशा अर्थाचा. जपानात मेडिकल विद्यापीठांत प्रोफेसरभोवती जे मंडळ असतं त्याला इक्योकू म्हणतात, तरुण डॉक्टरने कुठल्या गावच्या हॉस्पिटलात किती वर्षं काढायची हे तो प्रोफेसर ठरवायचा. ऐकायला सरंजामशाहीच वाटते. २००४ मध्ये जपानने ट्रेनिंगची पद्धत बदलली, नवीन डॉक्टर आपलं हॉस्पिटल निवडू लागले, ते विद्यापीठांच्या हॉस्पिटलांऐवजी शहरांतल्या इतर हॉस्पिटलांत जायला लागले, आणि मग प्रोफेसरांकडे पाठवायला माणसंच उरली नाहीत. विद्यापीठांनी आपले डॉक्टर परत बोलावले आणि लांबच्या हॉस्पिटलांत जागा रिकाम्या पडल्या. म्हणजे ज्या सत्तेला सगळे नावं ठेवत होते तीच सत्ता एक नकोसं वाटप बिनबोभाट करत होती, आणि ती गेल्यावर ते काम करणारं दुसरं कुणी नव्हतं. सत्ता काढून घेण्याआधी ती नेमकं काय काय वाटत होती ते बघायला पाहिजे, एवढं तरी यातून कळतं.

ब्रिटनमध्ये गाडी उलट्या बाजूने आली. तिथल्या सरकारी हॉस्पिटलांत कन्सल्टंट, म्हणजे सीनियर डॉक्टर, सगळे बरोबरीचे, कुणी कुणाचा बॉस नाही. निर्णय डॉक्टर, नर्स आणि ॲडमिनिस्ट्रेटर मिळून एकमताने घेणार, म्हणजे बऱ्याचदा घेणारच नाहीत. १९८३ मध्ये सरकारने सुपरमार्केट चालवणाऱ्या रॉय ग्रिफिथ्सना हे बघायला सांगितलं, आणि त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की आज फ्लॉरेन्स नाइटिंगेल दिवा घेऊन या कॉरिडॉरमधून फिरली तर ती इथला इन्चार्ज कोण हेच शोधत फिरेल. त्यानंतर मॅनेजर आले, आणि १९८५ ला लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलने हॉपकिन्सचंच मॉडेल बघून विभागांना डॉक्टर प्रमुख नेमले, क्लिनिकल डायरेक्टर म्हणून, ज्यांच्याकडे बजेटही होतं.

पण खुर्ची तयार केली म्हणजे काम झालं असं नाही, ते ब्रिस्टलमध्ये दिसलं. ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत लहान मुलांच्या हार्ट ऑपरेशनचे निकाल इतर ठिकाणांपेक्षा खराब होते. स्टीफन बोल्सिन नावाचे भूलतज्ज्ञ १९८८ ला तिथे लागले, त्यांना ऑपरेशनं फार लांबतायत हे दिसलं, त्यांनी आकडे गोळा केले आणि सांगत राहिले. पण सांगणार कुणाला? ऑपरेशन करणाऱ्या दोन सर्जनपैकी सीनियर होते जेम्स विशार्ट, आणि पुढे हॉस्पिटलचे मेडिकल डायरेक्टरही तेच झाले. ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याचकडे तक्रार. २००१ मध्ये इयन केनेडी यांच्या चौकशी समितीचा रिपोर्ट आला, त्यात अंदाज दिलाय की १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाच्या आतली ३० ते ३५ मुलं जास्त दगावली, म्हणजे एखाद्या सर्वसाधारण केंद्रात दगावली असती त्यापेक्षा जास्त. रिपोर्टने त्या जागेत क्लब कल्चर होतं असं म्हटलं, मोजक्या लोकांच्या हातात सगळं. बोल्सिन शेवटी ऑस्ट्रेलियाला गेले. व्हिएन्ना आणि ब्रिस्टल यांच्यात दीडशे वर्षांचं अंतर आहे, जंतू माहीत झाले, आकडे कॉम्प्युटरवर आले, पण घोडं पेंड खातं ते त्याच जागी.

म्हणून चांगल्या हॉस्पिटलांत एक मीटिंग असते तिच्याकडे बघा. मॉर्टॅलिटी मीटिंग म्हणतात, दगावलेल्या आणि गुंतागुंत झालेल्या केसेस सगळ्यांसमोर मांडायच्या, कोणाची चूक यापेक्षा काय झालं, कधी कळलं, अजून लवकर कळलं असतं का. बऱ्याच ठिकाणी होतं काय की ज्युनियर उभा राहून केस मांडतो, हेड पहिल्या ओळीत बसून त्याला सोलतात, बाकीचे खाली मान घालून मोबाइल बघतात, आणि पुढच्या महिन्यापासून केसेस अशा लिहून येतात की वाचून वाटावं पेशंट स्वतःच्याच मर्जीने गेला. या उलट जे हेड वर्षाच्या पहिल्या मीटिंगला स्वतःची बिघडलेली केस घेऊन उभे राहतात, मी हा निर्णय चार तास उशिरा घेतला, अशा शब्दांत, त्यांच्या विभागात लोक रात्री दोनला फोन करायला घाबरत नाहीत. रात्री दोनला फोन आला तर पेशंट वाचायचा चान्स वाढतो, एवढं साधं गणित आहे. विद्यापीठात याची बरोबरी म्हणजे डेटा खोटा असल्याची शंका, किंवा गाइड आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याचं बिनसलेलं नातं. तिथेही विद्यार्थी पहिल्यांदा हेडकडे येतो, आणि हेड आणि गाइड रोज एकत्र चहा पिणारे असतात. तेव्हा ते ऐकतात की जाऊ दे, सांभाळून घे म्हणतात, यावर पुढचं सगळं ठरतं.

मेडिकल कॉलेजचे हेड तर दोन घरचे पाहुणे. एकीकडे डीन, ज्यांना शिकवणं, पेपर, परीक्षा हवी. दुसरीकडे हॉस्पिटलचं प्रशासन, ज्यांना ओपीडी लवकर संपायला हवी आणि बेड रिकामे व्हायला हवेत. एकच डॉक्टर एकाच सकाळी राऊंडवर अर्धा तास थांबून विद्यार्थ्यांना शिकवेल तर डीन खूश आणि बाहेर रांग वाढली म्हणून प्रशासन नाराज. विद्यापीठात आणि हॉस्पिटलात पगाराचे स्रोतही कधी कधी वेगळे असतात, मग एका माणसाचा किती टक्के वेळ कुणाचा यावरून जी काही पत्रापत्री चालते ती विचारू नका.

आता हा माणूस निवडतात कसा. ढोबळ दोन पद्धती. एक म्हणजे वरून नेमलेला हेड, बरीच वर्षं राहणारा, अधिकार जास्त. दुसरी म्हणजे सहकाऱ्यांतून निवडलेला किंवा पाळीपाळीने येणारा, बहुतेक तीन ते पाच वर्षांसाठी, त्यानंतर पुन्हा नेहमीचा प्रोफेसर. पाळीच्या पद्धतीत माज कमी असतो कारण उद्या परत त्याच लोकांत बसायचं असतं, पण त्याच कारणाने कठोर निर्णयही टाळले जातात. नेमलेल्या हेडचं उलटं. हॉस्पिटलांत सहसा नेमणूकच असते कारण पेशंटची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर हवी.

आणि सगळ्यात हुशार माणूसच हेड करावा का? लोक म्हणतात हुशार संशोधकाला कशाला फायलींत अडकवायचं, मॅनेजमेंट जमणारा करा. यावर एक अभ्यास आहे, अमांडा गुडॉल आणि सहकाऱ्यांचा, २०१७ मध्ये छापलेला, त्यांनी अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या विभागांचा १५ वर्षांचा डेटा घेतला आणि त्यात दिसलं की ज्याच्या कामाला भरपूर सायटेशन आहेत, म्हणजे इतर संशोधक ज्याच्या कामाचा दाखला देतात, असा माणूस चेअरमन, म्हणजे तिथला हेड, झाला की पुढच्या काळात विभागाचं संशोधनही सुधारतं. त्यावरून लगेच कारण आणि परिणाम पक्का झाला असं नाही, चढत्या विभागालाच चांगला माणूस मिळत असेल असंही असू शकतं. पण मला ते पटतं, कारण ज्याला स्वतःला चांगलं काम माहीत आहे त्याला दुसऱ्याचं चांगलं काम ओळखता येतं आणि त्याचा हेवा वाटायचं कारण कमी असतं. फक्त हॉस्पिटलात एक सावधगिरी. उत्तम सर्जन हेड झाला की तो आधी करत होता तितकीच ऑपरेशनं करत राहतो आणि हेडचं काम संध्याकाळी सहानंतर उरलेल्या जिवावर करतो. या कामाचं ट्रेनिंग बहुतेकांना मिळत नाही, सीनियॉरिटीने नंबर लागला की सोमवारी चावी हातात.

शेवटी कामाचं बोलू, म्हणजे कुठल्या गोष्टीसाठी त्यांच्याकडे जायचं. मार्कांबद्दल तक्रार असेल तर आधी शिकवणारे सर किंवा मॅडम, मग हेड, पेपर पुन्हा तपासणं परीक्षा विभागात. गाइड बदलायचा असेल, लॅबमध्ये त्रास असेल, तर हेड हीच योग्य जागा, पण हेडच गाइड असतील तर डीनकडे किंवा तक्रार समितीकडे, उगाच त्याच दारात जाऊन हात पोळून घेऊ नका. हॉस्पिटलात बिल आणि विमा यासाठी हेडना गाठण्यात अर्थ नाही, त्यांना तो आकडा माहीतच नसतो. उपचाराचा निर्णय समजत नाहीये, दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत, कुणी वाईट वागलं, तर युनिटच्या सीनियर डॉक्टरशी बोलून मग हेड. जाताना तारीख, वेळ, वॉर्ड आणि कोण काय म्हणालं हे कागदावर लिहून न्या आणि पोच घ्या, तोंडी बोललेलं राऊंड संपेपर्यंत विसरलं जातं. आणि दारावरच्या पाटीवर प्रभारी असं लिहिलं असेल तर आधी ऑफिसमधल्या क्लार्कला विचारा की साहेबांना किंवा मॅडमना कशाकशाची सही करायचा अधिकार आहे, कारण बऱ्याच ठिकाणी प्रभारी हेड रजा मंजूर करू शकतात पण खरेदी किंवा नेमणुकीच्या कागदाला हात लावू शकत नाहीत, आणि हे तुम्हाला तिसऱ्या फेरीला कळण्यापेक्षा पहिल्या फेरीला कळलेलं बरं.